पन्नाशीचं वजन आणि आठवड्याची सुई: टेपपासून तेराव्या पेनपर्यंत

पोट सुटलं की पहिला दोष चयापचयावर जातो. ‘वय झालं, आता खाल्लेलं जिरत नाही.’ २०२१ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात २९ देशांतल्या ६,४०० हून अधिक लोकांच्या मोजमापांवरचा अभ्यास आला. शरीराच्या आकारमानाचा हिशेब धरला तर विशीपासून साठीपर्यंत रोजचा ऊर्जाखर्च जवळपास तेवढाच राहतो, असं त्यात दिसलं. मग वजन चढतं ते कशामुळे? स्नायू थोडेथोडे झिजतात, उठबस कमी होते, झोप तुटते. बायकांच्या बाबतीत पाळी जाण्याआधीच्या काही वर्षांत इस्ट्रोजेन घसरतं आणि चरबीची जागा बदलते. मांड्यांवर बसणारी चरबी पोटावर बसायला लागते. काटा फारसा हललेला नसताना ब्लाउज घट्ट होतो तो याच काळात. आपल्याकडे पाळी जाण्याचं सरासरी वय ४६-४७ च्या आसपास आहे, म्हणजे पाश्चात्त्य देशांपेक्षा चार-पाच वर्षं लवकर. बदल पंचेचाळिशीच्या आधीच सुरू झाला तर त्यात नवल नाही.

आठवड्यातून एकदा टोचायची वजनाची औषधं आता भारतात राजरोस मिळतात. टिर्झेपटाइड (माउंजारो) मार्च २०२५ मध्ये आलं, सेमाग्लुटाइड (वेगोवी) जूनमध्ये. सेमाग्लुटाइडचं भारतातलं पेटंट मार्च २०२६ मध्ये संपलं आणि देशी कंपन्यांना ते बनवण्याची वाट मोकळी झाली. औषध मिळणं आता अवघड राहिलेलं नाही. ते आपल्याला लागू आहे का हे ठरवणं, खरं औषध मिळवणं आणि परवडेल तितका काळ नीट घेणं यात माणसं चुकतात.

टेप, काटा आणि खरी उंची

डॉक्टरकडे जाण्याआधी तीन आकडे घरीच काढा. वजन सकाळी, पोट साफ झाल्यावर, चहाच्या आधी. उंची भिंतीला टाच लावून नव्याने मोजा, कारण लोक कॉलेजातली उंची सांगतात आणि पन्नाशीत ती सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर कमी भरते. कंबर मोजायची ती सगळ्यात खालची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या बरोबर मध्ये, श्वास सोडल्यावर, टेप कातडीत रुतू न देता. पँटचा किंवा परकराच्या नाडीचा आकडा इथे चालत नाही. पुरुषांची पँट पोटाच्या खाली बसते आणि आकडा हमखास कमी येतो.

बीएमआय म्हणजे किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग. १५८ सेंटिमीटर उंची आणि ७२ किलो वजन असेल तर २८.८. हीच व्यक्ती जुनी १६० उंची सांगत राहिली तर २८.१ येतो. भारतीयांसाठी २३ पासून जादा वजन आणि २५ पासून लठ्ठपणा धरतात, कारण तेवढ्याच बीएमआयला आपल्या पोटात चरबी जास्त असते आणि मधुमेह लवकर गाठतो. कंबर बाईची ८० सेंटिमीटर (साडेएकतीस इंच) आणि पुरुषाची ९० (साडेपस्तीस इंच) यापुढे गेली की धोका धरायचा.

इथे एक घोळ आहे, तो आधी समजून घेतलेला बरा. लठ्ठपणाची आपली रेषा २५ ची असली तरी या औषधांच्या पत्रकावरची रेषा वेगळी आहे: बीएमआय ३० किंवा त्याहून जास्त, नाहीतर २७ किंवा जास्त आणि सोबत वजनाशी जोडलेला एखादा आजार. तो आजार म्हणजे रक्तदाब, मधुमेह, वाढलेलं कोलेस्टेरॉल, झोपेत श्वास अडकणं वगैरे. १५८ उंचीला २७ म्हणजे साधारण साडेसदुसष्ट किलो आणि ३० म्हणजे पंचाहत्तर. १७० उंचीच्या पुरुषाला ७८ आणि ८७. वर उदाहरणात घेतलेल्या ७२ किलोच्या बाईंना रक्तदाब असेल तर त्या बसतात, काहीच नसेल तर पत्रकानुसार बसत नाहीत. ‘मुलीच्या लग्नाआधी सहा किलो’ यासाठी ही सुई नाही, आणि डॉक्टरने नकार दिला तर तो चांगला डॉक्टर आहे असं समजा.

गोळ्यांचा डबा उपसा

वजन वाढवणारं एखादं औषध आपण आधीच घेत असतो आणि ते कुणाच्या लक्षात येत नाही. घरातला गोळ्यांचा डबा टेबलावर रिकामा करा आणि नावं कागदावर उतरवा. मधुमेहाच्या गोळ्यांत ग्लिमेपिराइड आणि पायोग्लिटाझोन, शिवाय इन्सुलिन. रक्तदाबासाठी जुनं अटेनोलॉल, अर्धशिशीसाठी प्रोप्रॅनोलॉल. झोपेसाठी किंवा नसांच्या दुखण्यासाठी अमिट्रिप्टिलिन, मनाच्या आजारांवर मिर्टाझापिन आणि ओलान्झापिन, फिट्सवर व्हॅल्प्रोएट. सांधेदुखीवर ‘गावठी पुडी’ चालू असेल तर त्यात स्टेरॉइड असण्याचा संशय धरायलाच हवा. तोंड गोल होणं, हातपाय बारीक आणि पोट मोठं, जांभळट रेषा ही त्याची खूण. यातलं काहीही स्वतःहून बंद करू नका, स्टेरॉइड तर मुळीच नको. एकदम तोडलं तर जीवावर बेतू शकतं. यादी डॉक्टरसमोर ठेवा आणि ‘याला वजन न वाढवणारा पर्याय आहे का’ एवढंच विचारा. कधीकधी एक गोळी बदलूनच चढता काटा थांबतो.

थायरॉइडबद्दल थोडं. थायरॉइड कमी असेल तर वजन वाढतं, पण सहसा दोन ते पाच किलो, आणि त्यातही पाणी बरंच असतं. गोळी सुरू होऊन टीएसएच (थायरॉइडच्या रक्ततपासणीतला आकडा) जागेवर आलं तरी पंधरा किलो उतरत नाहीत, म्हणून लोक निराश होतात. दोष गोळीचा नसतो.

फाईल तयार करा

या औषधासाठी एमडी मेडिसिन किंवा एंडोक्रायनॉलॉजिस्ट (हार्मोनचे तज्ज्ञ डॉक्टर) गाठा. तालुक्याच्या गावी एंडोक्रायनॉलॉजिस्ट सहसा नसतो, पण जिल्ह्याच्या ठिकाणी एमडी मेडिसिन मिळतो. घरच्या फॅमिली डॉक्टरांना विसरू नका. ते बीएएमएस असोत की बीएचएमएस, तुमचा दहा वर्षांचा इतिहास त्यांच्याकडे असतो. त्यांची चिठ्ठी घेऊन गेलात तर पहिली भेट निम्म्या वेळात होते.

तपासण्या करूनच जा, म्हणजे एक खेप वाचते: उपाशीपोटीची साखर आणि एचबीए१सी (गेल्या तीन महिन्यांची सरासरी साखर), लिपिड प्रोफाइल, टीएसएच, क्रिएटिनिन, एसजीपीटीसह यकृताची तपासणी, हिमोग्लोबिन, बी१२. पोटाची सोनोग्राफी मागितली तर कुरकुर करू नका. पित्ताशयात खडे असतील तर ते आधी कळलेले बरे, कारण वजन झपाट्याने उतरताना नवे खडे होतात आणि जुने बोलायला लागतात. एचबीए१सी ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाचा उंबरठा, ६.५ आणि वर म्हणजे मधुमेह. मधुमेह जुना असेल तर औषध सुरू होण्याआधी डोळ्यांचा पडदा तपासून घ्या. साखर एकदम खाली आली की आधीच खराब असलेला पडदा आणखी बिघडू शकतो.

घोरणं, दुपारी गाडी चालवताना डुलकी लागणं हे आवर्जून सांगा. नवरा किंवा बायको ‘झोपेत श्वास थांबतो’ म्हणत असेल तर तेही. आपल्याकडे घोरणं हा थट्टेचा विषय असल्याने ही गोष्ट फाईलपर्यंत पोचतच नाही.

न विचारता सांगायच्या गोष्टी आणखी आहेत. स्वतःला किंवा जवळच्या रक्ताच्या नातेवाइकाला थायरॉइडचा मेड्युलरी प्रकारचा कर्करोग झाला असेल तर ही औषधं वर्ज्य. स्वादुपिंडाला पूर्वी सूज आली असेल, पोट रिकामं व्हायला फार वेळ लागण्याचा आजार असेल, तर डॉक्टर बहुधा दुसरा मार्ग काढतील. आणि पाळी अनियमित झालेल्या बायकांसाठी सगळ्यात दुर्लक्षित मुद्दा: पाळी पूर्ण बंद होऊन वर्ष झालेलं नसेल तर गर्भ राहू शकतो. गरोदरपणात ही औषधं चालत नाहीत. टिर्झेपटाइडमुळे तोंडाने घ्यायच्या गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम कमी होतो. म्हणून सुरुवातीचे ४ आठवडे आणि दर वेळी डोस वाढवल्यावर पुढचे ४ आठवडे निरोध वापरायचा किंवा गोळीऐवजी दुसरा उपाय करायचा. पंचेचाळिशीत हा प्रश्न डॉक्टर विचारत नाहीत आणि पेशंट सांगत नाही.

कोणतं औषध, किती काम करतं

मधुमेह नसलेल्या लठ्ठ व्यक्तींवरच्या मोठ्या चाचणीत सेमाग्लुटाइड २.४ मिलिग्रॅमने ६८ आठवड्यांत सरासरी १४.९ टक्के वजन उतरलं. नुसत्या पाण्याची सुई दिलेल्यांचं २.४ टक्के. टिर्झेपटाइडच्या चाचणीत ७२ आठवड्यांत डोसप्रमाणे १५ ते २०.९ टक्के. ७२ किलोला पंधरा टक्के म्हणजे साधारण अकरा किलो, तेही सव्वा वर्षात. ‘महिन्यात दहा किलो’ अशी जाहिरात दिसली की दुकान ओळखावं. मधुमेह असेल तर उतार सहसा याहून कमी असतो.

ओझेम्पिक म्हणजेही सेमाग्लुटाइडच, पण त्याची मान्यता टाइप २ मधुमेहासाठी आहे. रायबेल्सस ही त्याच औषधाची रोजची गोळी, तीही मधुमेहासाठी. ती उठल्याबरोबर रिकाम्या पोटी, अर्ध्या कपाहून जास्त नाही एवढ्या (१२० मिलिलिटर) पाण्यासोबत घ्यायची आणि पुढची तीस मिनिटं चहासुद्धा नाही. मराठी घरात ही अट पाळणं सुईपेक्षा अवघड आहे. लिराग्लुटाइड रोज टोचावं लागतं. ऑर्लिस्टॅट १२० मिलिग्रॅम ही जुनी, तुलनेने स्वस्त गोळी जेवणातल्या तेलाचा काही भाग पचू देत नाही. तर्रीदार मिसळीवर ती घेतली तर पुढचे काही तास घराबाहेर पडू नये, एवढंच म्हणतो. परिणाम बेताचा आहे, पण काहींना पुरतो.

सिबुट्रामिन या नावाची भूक मारणारी गोळी भारतात २०११ मध्ये बंद झाली, कारण हृदयविकार आणि पक्षाघाताचा धोका वाढत होता. तरी ‘शंभर टक्के आयुर्वेदिक’ म्हणून विकल्या जाणाऱ्या वजनाच्या पुड्यांत ती गुपचूप मिसळलेली सापडत असते. पुडी घेऊन छातीत धडधड, तोंडाला कोरड आणि झोप उडाली, तर ती पुडी जडीबुटीची नव्हे.

हिशेब मोठ्या डोसचा करा

पुष्कळांचं औषध मध्येच सुटतं आणि कारण बरेचदा पैसे असतात. पहिला डोस सगळ्यात लहान आणि बहुधा सगळ्यात स्वस्त असतो. त्यावर वजन फारसं उतरतही नाही. पोटाला सवय व्हावी म्हणून तो असतो. नोव्हेंबर २०२५ च्या कपातीनंतर वेगोवीच्या ०.२५ मिलिग्रॅमच्या पेनला (पेनच्या आकाराची, औषध भरलेली सिरिंज) १०,८५० रुपये आणि २.४ मिलिग्रॅमच्या पेनला १६,४०० रुपये अशी किंमत होती. एका पेनमध्ये चार डोस. लोक त्याला ‘महिन्याचं पेन’ म्हणतात आणि बाराने गुणतात. चार आठवडे म्हणजे अठ्ठावीस दिवस, वर्षात तेरा पेनं लागतात. १६,४०० गुणिले १३ म्हणजे २,१३,२०० रुपये. माउंजारोची एका डोसची बाटली आली तेव्हा २.५ मिलिग्रॅमला ३,५०० आणि ५ मिलिग्रॅमला ४,३७५ रुपये होती. ५ मिलिग्रॅमवर वर्षभर राहिलं तर ५२ बाटल्या, २,२७,५०० रुपये. सप्टेंबर २०२५ मध्ये औषधांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला, पेटंट संपल्यावर स्पर्धा वाढली, त्यामुळे हे आकडे हिशेबाची पद्धत कळावी म्हणून धरा. आज तुमच्या मेडिकलमध्ये जो दर असेल तो टाका, पण मोठ्या डोसचा टाका, आणि तेराने गुणा. त्यात पेनच्या सुया, तीन-तीन महिन्यांच्या तपासण्या आणि डॉक्टरची फी धरा. निदान दीड वर्षाची सोय असेल तरच सुरू करा.

मेडिक्लेमवर विसंबू नका. पॉलिसीतल्या ‘लठ्ठपणा आणि वजन नियंत्रण’ या ठरावीक वगळणुकीत फक्त शस्त्रक्रियेला जागा आहे, तीही बीएमआय ४० च्या पुढे किंवा ३५ च्या पुढे आणि सोबत गंभीर आजार असेल तर. औषधाचा खर्च खिशातूनच जातो. मात्र ज्यांचा बीएमआय खरंच त्या रेषेच्या वर आहे त्यांनी सर्जनचं मतही घ्यावं. पाच वर्षांचा औषधाचा खर्च आणि शस्त्रक्रिया यांची बेरीज शेजारी मांडली की निर्णय सोपा होतो.

पैसे वाचवण्याची एक युक्ती सगळीकडे सांगितली जाते: मोठ्या ताकदीचं पेन घ्यायचं आणि ‘क्लिक’ मोजून थोडंथोडं टोचायचं. नको. पेन उघडल्यावर ठरावीक आठवड्यांतच संपवायचं असतं, क्लिकचा हिशेब कंपनीने दिलेला नसतो आणि एक चुकीचा डोस दोन दिवस उलट्यांत घालवतो. वाचवायचंच असेल तर डॉक्टरला विचारा, ‘मधल्या डोसवर वजन उतरतंय, तिथेच राहिलं तर चालेल का?’ पुष्कळदा चालतं.

मेडिकलपासून फ्रिजपर्यंत

चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव, ताकद, आठवड्याचा डोस, किती पेनं किंवा बाटल्या, तारीख आणि डॉक्टरचा नोंदणी क्रमांक हवा. चिठ्ठीशिवाय देणारा दुकानदार उपकार करत नसतो. पक्कं बिल घ्या. त्यावर बॅच नंबर आणि मुदत छापलेली असते, ती डब्याशी जुळवा. समाजमाध्यमांवर ‘दुबईचा माल’ म्हणून विकणारे, पावडरची कुपी देऊन ‘पाणी घालून घ्या’ सांगणारे यांच्यापासून लांब राहा. बनावट ओझेम्पिकच्या बॅचेसबद्दल जागतिक आरोग्य संघटनेने जून २०२४ मध्ये जगभर इशारा दिला होता. खोट्या पेनात काहीही असू शकतं, अगदी इन्सुलिनही. शंका आली तर डबा, बिल आणि पेन फेकून न देता अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात दाखवा.

देशी सेमाग्लुटाइड घेताना दुकानात चार गोष्टी विचारा. पेन आहे की बाटली? एकात किती डोस? सुया सोबत आहेत की वेगळ्या? डब्यावरची मान्यता मधुमेहाची की वजनाचीही? एका महिन्यात एका कंपनीचं, पुढच्या महिन्यात दुसरीचं असं करावं लागलं तर डॉक्टरला सांगा. औषध तेच असलं तरी पेन फिरवायची पद्धत बदलते.

औषध २ ते ८ अंशांत ठेवायचं. दुकानातून नेताना जेल पॅक किंवा बर्फ असलेली पिशवी मागा, पण पेन बर्फाला चिकटू देऊ नका. गोठलेलं औषध वितळलं तरी वापरायचं नाही. घरी फ्रिजच्या मधल्या कप्प्यात ठेवा. बर्फाच्या कप्प्याच्या अगदी खाली नको आणि दारातही नको. मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरला पारा ४५ वर असतो आणि वीज जाते. अशा वेळी फ्रिज न उघडणं हाच पहिला उपाय. बाहेर काढून ठेवायची मुभा ३० अंशांपर्यंतची आणि ठरावीक दिवसांची असते, ती प्रत्येक ब्रँडच्या पत्रकात वेगळी आहे. विदर्भ-मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात खोलीचं तापमानच ३० च्या वर असतं, तेव्हा ती मुभा नाहीच असं समजा. अमेरिकेतून किंवा आखातातून कुणी पेन आणत असेल तर ते हातातल्या बॅगेत, चिठ्ठीसह.

टोचताना

आठवड्याचा एकच वार ठरवा. मळमळ सहसा टोचल्यानंतरच्या पहिल्या एक-दोन दिवसांत जास्त असते, तेव्हा रविवारी लग्न-मुंज असेल तर शनिवार निवडू नका. जागा पोटाची (बेंबीपासून दोन इंच सोडून) किंवा मांडीची पुढची बाजू. दंडावर दुसऱ्याने टोचावं. दर आठवड्याला जागा थोडी सरकवा. पेनला ४ मिलिमीटरची सुई पुरते, दर वेळी नवी. टोचल्यावर सुई काढूनच पेन ठेवा, नाहीतर औषध गळतं आणि हवा आत जाते. नळीतलं औषध गढूळ किंवा रंगीत दिसलं तर परत करा.

बाटलीतून घेणाऱ्यांनी हा परिच्छेद दोनदा वाचावा. आपल्याकडे इन्सुलिनच्या दोन प्रकारच्या सिरिंज मिळतात: यू-४० (बहुधा लाल टोपण) आणि यू-१०० (बहुधा केशरी टोपण). यू-४० मध्ये १ मिलिलिटर म्हणजे ४० युनिट, यू-१०० मध्ये १०० युनिट. अर्धा मिलिलिटर औषध घ्यायचं असेल तर पहिलीत २० वर थांबायचं, दुसरीत ५० वर. ‘वीस युनिट घ्या’ असं कुणी सांगितलं आणि तुमच्या हातात चुकीची सिरिंज असेल तर डोस अडीच पटीने चुकतो. म्हणून डॉक्टरकडून युनिटमध्ये न घेता मिलिलिटरमध्ये लिहून घ्या, सिरिंजवर यू-४० छापलंय की यू-१०० ते दुकानातच वाचा आणि पहिला डोस नर्ससमोर घ्या. एका डोसच्या बाटलीत थोडंसं उरलं तर ते जमवून ठेवायचं नसतं.

वापरलेल्या सुया फरशी पुसायच्या लिक्विडच्या जाड बाटलीत टाका, भरली की झाकण चिकटपट्टीने बंद करून दवाखान्यात द्या. ओल्या-सुक्या कचऱ्यात गेलेली सुई कचरा वेचणाऱ्या बाईच्या हातात घुसते.

वार चुकला तर सेमाग्लुटाइड पाच दिवसांच्या आत आठवलं तर घ्या. टिर्झेपटाइड चार दिवसांच्या आत. त्यापुढे गेलं तर तो डोस सोडा आणि पुढच्या वाराला नेहमीचा घ्या. दोन डोस एकत्र कधीच नाहीत. सलग दोन-तीन आठवडे सुटले तर डॉक्टरला विचारल्याशिवाय मोठ्या डोसवर परत जाऊ नका.

डोस चढवणं आणि ताट उतरवणं

वेगोवीचा क्रम ०.२५, ०.५, १, १.७, २.४ मिलिग्रॅम असा, दर पायरीला चार आठवडे. टिर्झेपटाइड २.५ पासून, चार आठवड्यांनी ५, पुढे लागेल तसं आणि निदान चार आठवडे थांबून अडीच-अडीचने, जास्तीत जास्त १५ पर्यंत. घाई केली की उलट्या. एखादी पायरी झेपली नाही तर तिथेच आणखी चार आठवडे थांबण्यात काही बिघडत नाही.

हे औषध मेंदूतूनच भूक मंदावतं आणि पोटही उशिरा रिकामं होतं. त्याच कारणाने नेहमीचं ताट संपवायला गेलं की घशाशी येतं. ‘पानात टाकायचं नाही’ हे संस्कार खोल असतात, म्हणून वाढतानाच निम्मं वाढून घ्या, लहान ताटलीत. तळण, तूप-तर्री, रात्री दहाचं जेवण आणि जेवून लगेच आडवं होणं हे चार शत्रू. बद्धकोष्ठता फार जणांना होते: पाणी दोन-अडीच लिटर, रात्री एक-दोन चमचे इसबगोल भरपूर पाण्यासोबत, काकडी-मुळा-पालेभाजी. इसबगोल घोटभर पाण्यात घेतलं तर उलट अडतं.

उपवासाचं वेगळं. भूक नसते म्हणून एकादशीला जोडून चतुर्थी, पुढे नवरात्राचे नऊ दिवस असं सहज चालतं आणि मग चक्कर येते. ग्लिमेपिराइड किंवा इन्सुलिन चालू असेल तर उपवासाआधी डॉक्टरला विचाराच, साखर धोकादायक खाली जाते. निर्जळी तर नकोच. साबुदाण्याची खिचडी या औषधावर पोटात दगडासारखी बसते. ताक, दही, राजगिरा, दूध, थोडी भगर बरी.

स्नायू वाचवायचे तर

उतरलेल्या वजनातला पाव ते चाळीस टक्के हिस्सा चरबी सोडून इतर, म्हणजे स्नायू, पाणी वगैरेंचा असू शकतो. पन्नाशीत गेलेला स्नायू परत मिळवणं जिकिरीचं आणि वजन परत आलं तर बहुतेक चरबीच येते. किलोमागे १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं धरा. सत्तर किलोला ७० ते ८४ ग्रॅम. वरण-भातावर हे जमत नाही. दोन अंडी १२, दोनशे मिली दूध ६, दोन वाट्या घट्ट आमटी किंवा उसळ १४, दीडशे ग्रॅम दही ५, दोन भाकरी ८, शंभर ग्रॅम पनीर किंवा मासळी १८ ते २०: बेरीज साधारण ६३ ते ६५, म्हणजे सत्तरला अजून पाच-सात ग्रॅम कमीच. शाकाहारी माणसाने अंड्यांऐवजी कोरडे सोयाबीन वडे ३० ग्रॅम धरावेत, त्यात पंधरा ग्रॅम मिळतात. भूक कमी असल्याने ताटात आधी प्रथिनाचा घास, मग भाकरी. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर हा हिशेब डॉक्टरकडूनच.

आणि आठवड्यातून निदान दोन-तीनदा ताकदीचा व्यायाम. खुर्चीवरून हात न टेकता उठबस, दहाचे तीन फेरे. भिंतीला हात लावून दंड. दोन्ही हातांत पाच-पाच किलोच्या पिशव्या घेऊन गॅलरीत येरझारा. रोजचं चालणं चांगलंच, पण त्याने स्नायू टिकत नाहीत.

ताबडतोब दवाखाना कधी

पोटाच्या वरच्या भागात असह्य, पाठीत जाणारी कळ आणि उलट्या: स्वादुपिंडाला सूज असू शकते, पुढचा डोस घ्यायचा नाही. उजव्या बरगडीखाली दुखणं, ताप, डोळे पिवळे: पित्ताशय. दिवसभर पाणीही टिकत नाही आणि लघवी गडद, कमी: मूत्रपिंडावर ताण येतोय. घाम, थरथर, गोंधळ: साखर खाली, आधी साखरेचं पाणी द्या आणि मग फोन. एका डोळ्याने अचानक अंधुक दिसायला लागलं तर वाट पाहू नका. कुठलीही शस्त्रक्रिया किंवा एंडोस्कोपी ठरली तर भूल देणाऱ्या डॉक्टरला या सुईबद्दल आधीच सांगा. उपाशी असूनही पोटात अन्न राहिलेलं असू शकतं.

पुढे काय

मोठ्या डोसवर सहा महिने होऊनही मूळ वजनाच्या पाच टक्केही उतरलं नाही, तर डॉक्टरबरोबर बसून हे औषध सोडायचं का ते ठरवा. उतरलं असेल तर प्रश्न उलटा: थांबवायचं कधी? सेमाग्लुटाइड बंद केलेल्यांवर पुढे वर्षभर लक्ष ठेवलं तेव्हा उतरलेल्या वजनापैकी दोन तृतीयांश परत आलेलं होतं. रक्तदाब आणि साखरेतली सुधारणाही बरीच मागे फिरली. म्हणून पैसे संपले म्हणून एका दिवसात तोडण्यापेक्षा, तीन महिन्यांचं औषध हातात असतानाच डॉक्टरला सांगा. डोस पायरीपायरीने खाली आणता येतो आणि रक्तदाबाची कमी केलेली गोळी पुन्हा वाढवायला वेळ मिळतो.

बंद केल्यावर भूक दोन-चार आठवड्यांत परत येते, जोरात. घरातलं तेल मोजायला लागायची हीच वेळ: बैठं काम असलेल्या चार माणसांना महिन्याला अडीच-तीन लिटरपेक्षा जास्त लागत असेल तर ते कुठे जातंय ते शोधा. दर रविवारी सकाळी वजन, पंधरा दिवसांनी कंबर, दोन्ही कॅलेंडरवर दूधवाल्याच्या हिशेबाशेजारी. काटा सर्वांत खालच्या आकड्यापासून तीन किलो वर गेला की पुढच्या महिन्याची वाट न पाहता फाईल घेऊन डॉक्टरकडे जा. दहा किलोंपेक्षा तीन किलो परतवणं स्वस्त पडतं.